न्यूर्नबर्गच्या बाथरूममधले देव

अहो,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझे कोरडे डोळे बघतात आणि ओसरीवर गेल्यावर एकमेकींना सांगतात, "धक्का बसलाय बाईंना. रडून मोकळं व्हायला पाहिजे." कसला धक्का न् कसलं काय! मी चिडलेय. नवरा गेल्यावर बाईनं रडावं, मुकं व्हावं, अंथरूण धरावं, हे सगळं आपल्या कोल्हारात चालतं. तिनं त्याच्यावर चिडावं हे कुणाच्या गावीही नाही. म्हणून तेरा दिवस तोंड मिटून बसले. काल सकाळी मुग्धा विमानासाठी मुंबईला निघाली, दुपारी विलासभावजी सोनईला गेले. आता घरात मी आणि देवघरात देव. चौतीस वर्षं तुम्ही माझं बोलणं अर्ध्यावर तोडायचात, "थांब, आधी माझं ऐकून घे" म्हणून. आता माझी पाळी आहे. ऐकून घ्या.

तुमच्या शाळेत शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. हेडमास्तर म्हणाले, भूगोलाच्या सरांनी पोरांना भूगोल पुस्तकातून शिकवलाच नाही, देश फिरवून शिकवला. मग तुमचा एक जुना विद्यार्थी उभा राहिला, आता त्याचे उसाचे चार ट्रक आहेत. माईक हातात धरून तो गडी रडायलाच लागला. "सरांमुळं आमी समुद्र बघितला. आमच्या घरात तवर कुनी बघितला नव्हता. लई मोठा मानूस." सगळी सभा डोळे पुसत होती. मी मात्र हिशेब करत बसले होते, की मी समुद्र कधी पाहिला. तर दीड महिन्यापूर्वी, सत्तावन्नाव्या वर्षी, विमानाच्या खिडकीतून, मुंबईवरून उडताना, ढगांच्या फटीतून हातभर. तुम्ही शेजारी बसून सांगत होतात, तो बघ अरबी समुद्र. मी म्हटलं, दिसला.

कन्याकुमारी, हंपी, कोणार्क, आग्रा, जैसलमेर. दर हिवाळ्यात शाळेची सहल आणि तिच्या पुढे शिट्टी गळ्यात घातलेले तुम्ही. मी घरी. कारण देव.

तुमच्या घरचा नेम मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सांगितला होता. देव पारोसे राहायचे नाहीत, एक दिवससुद्धा. आणि देव उंबरा ओलांडायचे नाहीत. त्यांचे गुडघे गेलेले, खाली बसून पूजा व्हायची नाही, म्हणजे घरात आपल्यापैकी कुणीतरी एक पाहिजेच. तुम्ही असलात तर पूजा तुमची, तुम्ही नसलात तर माझी. मी कुठं गेले तर तुम्ही घरी, तुम्ही गेलात तर मी घरी. दोघांनी मिळून एक रात्रसुद्धा बाहेर काढायची नाही. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा आणि देवीचा टाक, शंख, घंटा, एवढाच काय तो पसारा. तांब्याच्या एका ताम्हनात मावणारे देव, आणि त्यांनी आपल्याला चौतीस वर्षं एका गाडीत बसू दिलं नाही. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसून मी जगातली सगळी प्रवासवर्णनं वाचून काढली. लोकांना वाटायचं, बाईंना वाचायची केवढी हौस!

एरवीचं सोडा. अधिक महिन्याचं काय करायचं? दर तीन वर्षांनी अधिक महिना यायचा आणि खर्ड्याला माझी आई अनारसे तळून वाट बघायची. तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, आणि जावई नि लेक जोडीनं पाटावर. तिला एवढं एकच पाहिजे होतं. कोल्हारहून खर्डा म्हणजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. सकाळची पूजा आटोपून निघालं तर पोचायला संध्याकाळ, राहिल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून दर वेळी मी एकटी जायचे. आई दारात यायची, माझ्या पाठीमागं बघायची आणि विचारायची, "एकलीच आलीस व्हय?" मी म्हणायचे, देव आहेत ना गं घरी. शेजारपाजारच्या बायकांसमोर पाट एक मांडावा की दोन, हेही तिला कळायचं नाही. ती दोन मांडायची. अनारसे डब्यात भरून तुमच्यासाठी माझ्याजवळ द्यायची, आणि तुम्ही ते चहाबरोबर खायचात. खुसखुशीत झालेत म्हणायचात. आईच्या मनात शेवटपर्यंत एकच किडा होता, की जावईबापूंचं काहीतरी बिनसलंय, पोरगी सांगत नाही. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. तो किडा घेऊनच गेली.

मी तुमच्यावर कधी ओरडले नाही. देवाचं कारण होतं. देवापुढं कोण बोलणार?

मग यंदा मुग्धानं तगादा लावला. लेक जर्मनीत, जावई जर्मनीत, नात वर्षाची झाली तरी आजी-आजोबांनी पाहिलेली नाही. मी नेहमीसारखं म्हटलं, एकेकटे येतो. तर तुम्हीच म्हणालात, "दोघं जाऊ. विलास आणि विलासची बायको महिनाभर येऊन राहतील. बोलून ठेवलंय मी." मला खरंच वाटेना. त्या दिवशी मी तुमच्या ताटात तूप जरा जास्तच वाढलं होतं, तुम्हाला आठवत असेल.

आता मागं वळून बघते तर काय काय दिसतं! आपल्या दाराला बाहेरून कोयंडाच नव्हता. घराला कधी कुलूपच लागलं नाही तर कोयंडा कशाला असेल? तुम्ही सुताराला बोलावून तो बसवून घेतलात. मी विचारलं तर म्हणालात, भावजी संध्याकाळी पोचतील, तोवर दुपारभर लागेल. दुपारभरासाठी सुतार बोलावतं का कुणी? निघताना मी देवांच्या पाया पडायला गेले तर देवघराचा पडदा ओढलेला. तुम्ही म्हणालात, आत्ताच नैवेद्य दाखवलाय, पडदा सरकवू नकोस. मी पडद्यालाच नमस्कार केला आणि गाडीत बसले. मुंबईच्या विमानतळावर तुमची पिशवी बाजूला काढली होती, तेव्हा मी पलीकडं बायकांच्या रांगेत होते. "काय झालं?" म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "चटणीचा डबा." ताकाला जाऊन भांडं लपवावं तर तुम्हीच लपवावं.

मुग्धाच्या घरी तुम्ही रोज अंघोळ करून, वाटीभर गरम दूध घेऊन तळघरातल्या सामानाच्या खोलीत जायचात. प्राणायाम, म्हणे. शांतता लागते, म्हणे. जावई कौतुकानं बघायचे. मीसुद्धा म्हटलं, बरं आहे, या वयात का होईना सुचलं.

मग ती सुट्टी आली. जानेवारीतला तिकडचा कुठलासा सण शनिवार-रविवारला जोडून आला होता. मुग्धानं आपल्या दोघांची रेल्वेची तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघंच जा. आयुष्यात कधी दोघंच गेला नाहीत." न्यूर्नबर्ग, बांबर्ग, वुर्त्सबुर्ग, एक दिवस आधी निघून तीन दिवसांत तीन गावं. तुम्ही आदल्या रात्री कागदावर नकाशा काढलात, नद्या निळ्या पेन्सिलीनं, रेल्वे लाल. मी साडीखाली लोकरीच्या विजारी चढवल्या, पायात जावयांनी आणून दिलेले बूट घातले. तुम्ही माकडटोपी. गाडीत समोर बसलेली एक गोरी म्हातारी आपल्याकडं बघून हसत होती. मी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तिला विचारलं, घेता का? तिनं चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तुम्ही काय हसलात! लग्न झाल्यापासून आपण गाडीत शेजारी शेजारी बसून असं कधी हसलो नव्हतो. खिडकीबाहेर सगळी शेतं पांढरी होती आणि तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्या दोन तासांसाठी मी तुमची ऋणी आहे, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला नुसतं दोष काढता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात जाग आली तर तुम्ही बाथरूममध्ये. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. खोलीला तेवढं एकच बाथरूम आणि माझी अडचण. मी दार वाजवलं. "आलो, आलो," पण दार उघडेना. आणि मग मला वास आला. चंदनाचा. न्यूर्नबर्गमध्ये, पाचव्या मजल्यावर, सकाळी सात वाजता उगाळलेल्या चंदनाचा वास!

मी दार ढकललं. कडी नीट लागली नव्हती. तुम्ही त्या एवढ्याशा जागेत हॉटेलचा पांढरा पंचा नेसून, दुसऱ्या पंचाची घडी आसन करून बसलेले. पुढं माझा तूरडाळीचा स्टीलचा डबा उघडा. बाळकृष्ण साबणाच्या ताटलीत. खंडोबा आणि देवी दाढीच्या सामानाच्या फळीवर, अन्नपूर्णा दात घासायच्या पेल्याला टेकून. घंटेच्या जिभेला तुम्ही पायमोजा गुंडाळला होता, आवाज होऊ नये म्हणून. आणि नैवेद्याला आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावरून उचललेली लोण्याची वडी आणि साखरेची पुडी.

मला हसूच आलं. आधी हसूच आलं हो. मी दाराला धरून हसले. तुम्हालाही हसू फुटलं. मुंबईच्या विमानतळावर यंत्रात टाक दिसले तेव्हा त्या पोलिसानं डबा उघडून बघितला, पुन्हा बंद केला, हात जोडले आणि म्हणाला "माउली, पुढं व्हा," हे तुम्ही मला तिथंच सांगितलंत. मी विचारलं, मग भावजी? तुम्ही म्हणालात, त्याला बोललोच नाही. महिनाभर लोकांना कशाला अडकवून ठेवायचं? लोकांना अडकवायचं नाही! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी बाळकृष्णाला नमस्कार केला, तुम्ही मला साखर दिलीत, आपण खाली नाश्त्याला गेलो.

प्रकाश पडला तो किल्ल्याच्या चढावर. दगडी रस्ता, त्यावर बर्फ, तुम्ही माझा कोपर धरून मला वर नेत होतात. चारचौघांत तुम्ही माझा हात धरलात असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला ते आवडत होतं. मी सुखात होते. आणि त्या सुखातच माझ्या मनात आलं, की म्हणजे देव उंबरा ओलांडतात.

मी थांबले. तुम्ही म्हणालात, दम लागला का? मी म्हटलं, "डाळीच्या डब्यात घालून खर्ड्याला नेता आले असते की हो." तुम्ही बुटाच्या टोकानं बर्फ उकरायला लागलात. मी म्हटलं, "सात समुद्र ओलांडून आले. जामखेडचा घाट ओलांडला नसता?" तुम्ही किल्ल्याच्या बुरुजाकडं बघत म्हणालात, "हा बुरूज बघ, वालुकाश्म आहे." बुरूज! मी त्या थंडीत, तिथल्या सगळ्या माणसांसमोर ओरडले. आईच्या मांडलेल्या दोन पाटांपासून सगळं काढलं. तिथं कुणाला मराठी कळत नव्हतं म्हणून आवाजाला धरबंध राहिला नाही. शेवटी म्हणाले, "यापुढं तुमच्याबरोबर मी कुठंही यायची नाही." तुम्ही टोपी काढून पुन्हा घातलीत आणि म्हणालात, "घरी गेल्यावर बोलू."

घरी गेल्यावर बोलू. ऐकताय ना? हे तुमचे शब्द.

बांबर्गला मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. नदीच्या मधोमध पुलावर बांधलेली जुनी कचेरी होती, भिंतींवर रंगीत चित्रं, खाली पाणी खळाळत होतं. किती दिवस पुस्तकांतून असली गावं वाचली होती, आणि आता तसलं गाव समोर होतं तर मी तोंड फिरवून उभी. तुम्ही हवेला उद्देशून माहिती देत होतात. ही नदी पुढं माइनला मिळते. माइन पुढं ऱ्हाइनला. जशी आपली प्रवरा टोक्याला गोदावरीला मिळते तशी. मला सगळं ऐकू येत होतं. मी मान हलवली नाही. त्या एका दिवसाचं आता फार वाईट वाटतं. आणि वाईट वाटतं म्हणून पुन्हा राग येतो, कारण तो दिवसही तुमच्याचमुळं गेला. आदल्या दिवशी दोन वाक्यं धड बोलला असतात तर बांबर्ग माझं झालं असतं.

वुर्त्सबुर्गला तुम्हीच पडलात. म्हणजे पडणार होतात, पुलाच्या पायरीवर पाय सरकला आणि मी धरलं. धरल्यावर बोलणं भागच होतं. "पायाखाली बघून चाला की!" म्हणाले. तेवढ्यानं तुमचा चेहरा खुलला. त्या पुलावर दगडी साधुसंत उभे आहेत आणि लोक त्यांच्या पायाशी टेकून हातात ग्लास घेऊन वाइन पितात, पुलावरच, भरथंडीत. तुम्ही दुकानात जाऊन खाणाखुणा करून बिनदारूचं गरम सरबत आणलंत, दालचिनी घातलेलं. पलीकडं टेकडीवर द्राक्षाच्या बागा होत्या, नुसत्या काड्या उभ्या. तुम्ही म्हणालात, एवढ्या थंडीत वेली मरत कशा नाहीत ते तुला समजावून सांगायचं राहिलंय. मग जरा थांबून, ग्लासात बघत, "उन्हाळ्यात कन्याकुमारीला जाऊ. तुला तीन समुद्र एके ठिकाणी दाखवतो. डबा आहेच."

मी म्हटलं, "बघू."

बघू म्हणजे हो. चौतीस वर्षांत तुम्हाला एवढं कळलं असेलच, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, शब्दानं हो म्हणायला काय जात होतं माझं?

परत आल्यावर मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणालात, आधी घर झाडू, महिन्याची धूळ आहे. मग म्हणालात, पाहुणे येऊन जाऊ देत, सगळ्यांना जर्मनी ऐकायचीय. मग म्हणालात, शिवरात्र होऊ दे, निवांत बसू. तुम्ही शिवरात्रीच्या आधीच गेलात. सकाळी फुलं काढून आलात, परडी ओट्यावर ठेवलीत, म्हणालात छातीत कसंतरी होतंय, आणि शेजारच्या हौसाबाई रिक्षा बोलावून आणेपर्यंत सगळं संपलं. माझ्या मांडीवर तुमचं डोकं होतं. त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं, अहो, आपलं बोलायचं राहिलंय. लोकांना हे सांगितलं तर लोक मला काय म्हणतील? पण आलं खरं.

मग सुतक. दहा दिवस देवांना कुणी शिवलं नाही. भावजींनाही सुतक, मलाही. देवघरावर कापड टाकलं. सासूबाईंच्या सुतकात तुम्ही गुरुजी बोलावून पूजा करून घेतली होतीत, या वेळी ते कुणाला सुचलं नाही. चौतीस वर्षांत जे एक दिवस घडलं नव्हतं ते सलग दहा दिवस घडलं. देव पारोसे राहिले. मी रोज सकाळी उठून बघायचे, काही होतं का. काही झालं नाही. छप्पर जागेवर होतं, नदी जागेवर होती, पेपर येत होता. हौसाबाई चहा घेऊन यायच्या आणि माझ्याजवळ बसायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "वैनी, बोलू का न्हाई कळंना. तुमी जर्मनीला जायच्या आदी सर डबा घेऊन परसात हिंडत व्हते. हळू चालायचे, जोरात चालायचे, कानाला लावून ऐकायचे. मी म्हनलं, काय वो सर? तर म्हनले, हौसाबाई, आत आपटत्यात का बघतोय." त्या हसल्या, मीही हसले, आणि सोळा दिवसांत रडले असेन तर तेवढंच. कापूस घालून, तुमच्या जुन्या रुमालात एकेका देवाला गुंडाळून, तुम्ही डबा भरला होतात. इतकी माया तुमच्या हाताला होती. म्हणून तर सोसवत नाही.

आणि काल भावजी निघाले. चप्पल घालता घालता म्हणाले, "वहिनी, देवांचं आता कसं करायचं? तुम्ही मुग्धाकडं जाणार-येणार. मी सोनईला नेऊ का? डब्यात घालून नेतो."

मी म्हटलं, "तुमच्या घरचे देव उंबरा ओलांडत नाहीत ना?"

"काहीतरीच काय वहिनी," भावजी म्हणाले, "ते आईचं होतं हो. दादानं पैठणच्या शास्त्रीबुवांना विचारलं होतं की. मीच होतो बरोबर. बुवा हसायला लागले, म्हणाले, मास्तर, देव म्हणजे काय घराचा खांब आहे का हलवायला घाबरायला? डब्यात घ्या, जिथं असाल तिथं पाणी घाला."

"कधी विचारलं होतं?"

"झाली की वीस वर्षं. मुग्धा सातवी-आठवीत असेल."

मी ओट्यावर बसले. भावजींना कळलं की काहीतरी चुकीचं बोलून गेलो. मग ते दारातच उभं राहून सांगत गेले. सासूबाई असेपर्यंत तुम्ही म्हणालात, आईच्या जिवाला लागेल, बोलायचं नाही. ते मी समजू शकते. समजले. पण सासूबाई गेल्या त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हा माझी आई जिवंत होती. त्यानंतर सहा वर्षं होती. दोन अधिक महिने आले आणि गेले, दोन्ही वेळा तिनं दोन पाट मांडले. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झाल्यावर भावजीच तुम्हाला म्हणाले होते, दादा, आता वहिनींना घेऊन बाहेर पड. तुम्ही काय म्हणालात, ते भावजींनी मला खाली मान घालून सांगितलं.

"दादा म्हणाला, देवाचं नाव सांगून तिला इतकी वर्षं घरी बसवली. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हणजे हे उत्तर होतं. शिवरात्र होईपर्यंत थांबवलेलं, ते हे. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. आईला दिलेलं वचन, कसलीशी भीती, एखादा शाप, निदान तुमच्या मनातली माझ्याबद्दलची एखादी अढी. रात्रंदिवस मी कुढत होते की माझ्यात काय कमी होतं. आणि तुम्हाला नुसती लाज वाटत होती! बायकोपुढं लाज! वर्गात साठ पोरांसमोर "माझं काल चुकलं, तो पर्वत त्या देशात नाही" असं सांगणारे तुम्ही, घरात एका बाईसमोर तेवढं वाक्य तुमच्यानं निघालं नाही. म्हणून गप्प राहिलात. आणि गप्प राहायची वर्षं जितकी वाढली तितकी लाज वाढली.

भावजींना मी देव दिले नाहीत. पूजा मी करीन. मी घरी नसेन तेव्हा देव बसतील वाट बघत, त्यांना आता सवय झालीय. पण हे मी तुम्हाला सांगत नव्हते. मला निराळंच सांगायचंय.

कोणत्या तोंडानं म्हणजे काय हो? होतं त्याच तोंडानं. जेवताना, पानावर बसल्या बसल्या, "अगं, माझं चुकलं, देव नेता येतात" एवढंच. मी भांडले असते. ताट सरकवलं असतं. आईचं नाव काढून रडले असते, तुमच्या सगळ्या सहली काढल्या असत्या, तुमच्या आईलाही चार शब्द बोलले असते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नसते.

तिसऱ्या दिवशी पिशवी नि देवांचा डबा भरून तुमच्याआधी दारात उभी राहिले असते.